डाव्या कोपऱ्याचा हात

देवमनभाऊ मैदानात उतरला की डाव्या कोपऱ्यात सांबाराचा वास यायचा. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पहाटे वावरात सांबार उपटायचा, मुळांची माती झटकायची, जुड्या बांधायच्या, शेलूबाजारात नेऊन विकायच्या आणि तिथून थेट कबड्डीच्या सामन्याला, असा त्याचा दिवस असल्यामुळे त्याचे तळहात कायम हिरवट असत. चढाईला आलेल्या गड्याला हा वास सुरुवातीला कळायचा नाही. तो दम धरून 'कबड्डी कबड्डी' करत असतो, त्याला श्वास आत घ्यायची परवानगीच नाही. वास यायचा तो एकदमच. पाय देवमनभाऊच्या मिठीत गेला, गडी पालथा पडला, शिट्टी वाजली, दम सुटला, की पहिला श्वास सांबाराचा. यवतमाळकडचा एक नावाजलेला रेडर मला म्हणाला होता, की त्यानंतर महिनाभर त्याला घरची कढी खाववली नाही. कढीवर सांबार असतो म्हणून. हे खरंच तो म्हणाला की मी रचलं, ते आता मलाही नक्की सांगता येणार नाही.

कारण मी माईकवर असायचो. नोकरी म्हणाल तर शाळेत कारकून. लोक 'बाबू' म्हणतात. पण आजूबाजूच्या तीन-चार तालुक्यांत कुठेही कबड्डीचा मांडव पडला की समालोचनाला मीच. माझ्या समालोचनाविषयी लोकांच्या दोन कायमच्या तक्रारी आहेत. एक, मी खोटं बोलतो. दोन, मी थांबत नाही. दोन्ही खऱ्या आहेत.

देवमनभाऊ मात्र खेळताना बोलायचाच नाही. ज्यांनी कबड्डी नुसती टीव्हीवर पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. एकटा रेडर मध्यरेषा ओलांडून येतो आणि समोर सात जण कमानीसारखे उभे असतात. कमानीच्या दोन टोकांना दोन कोपरे. बाकीचे पाच जण समोरून येणाऱ्याला पाहतात. कोपरा मागून पाहतो. रेडर जरा आत आला, जरा बेसावध झाला, की कोपऱ्याने खाली वाकून त्याचा घोटा धरायचा. आमच्या संघाचा डावा कोपरा आणि कप्तान देवमनभाऊ. संघ पगारी होता. सोयाबीन-तुरीचे व्यापारी मदनशेठ यांना कबड्डीचं वेड. त्यांनी बारा जण पगारावर ठेवले होते, चटई आणली होती, आणि गाडीवर वाघ काढून घेतला होता. वाघ पेंटरने असा काढला होता की तो मांजरीसारखा दिसे, पण शेठसमोर कोणी हे बोलत नसे.

कप्तान म्हणून देवमनभाऊ नजरेत भरेल असं काहीही त्याच्यात नव्हतं. मध्यम उंची, उतरते खांदे, पोट किंचित पुढे. चालायचा तो पाय उचलून उचलून, जणू चटईवर वांग्याची रोपं लावली आहेत आणि एखादं तुडवलं जाईल. नाणेफेकीला स्वतः कधी गेला नाही. संघात जो सगळ्यात नवा असेल त्याला पाठवायचा. "मले छापा-काट्यातलं समजत नाही," म्हणायचा. आणि रेडरला तो रेडर म्हणत नसे. पावना म्हणायचा.

"पावना आला का घाई करू नये," तो नव्या खेळाडूंना सांगायचा. "येऊ दे. घरात येऊ दे. बसायले जागा दे. त्याले वाटलं पायजे का हे आपलंच घर हाये. मंग दार लाव."

दार लावायचं काम एका क्षणाचं असे. पण ते कधी लावायचं हे ठरवायचा तो, आणि सांगायचा हाताने. हे त्याचं खरं कसब. बाकीचे संघ ओरडतात: आला, धर, मागे हो. देवमनभाऊचं म्हणणं, "तोंडानं सांगतलं का रेडरलेबी आइकू जाते. त्याले काय कान नाहीत?" कोपऱ्याच्या शेजारच्याचा हात कोपऱ्याच्या हातात असतो, त्याला साखळी म्हणतात. देवमनभाऊच्या उजव्या हातात प्रल्हादचा डावा हात. एकदा दाबलं म्हणजे थांब. दोनदा दाबलं म्हणजे मी निघालो, तू वरून ये. दुसऱ्याने तसंच उलट दाबायचं, म्हणजे समजलं. इतकंच. पण हे इतकं बारीक चालायचं की बाहेरून काही म्हणजे काही दिसत नसे. मी माईक घेऊन दहा पावलांवर बसत असे, वर्षानुवर्षं डोळे फाडून त्या दोन हातांकडे पाहत असे, आणि मला एकदाही दाब दिसला नाही. दिसायचा तो एकदम आडवा झालेला रेडर. मग मी माईकवर म्हणायचो, "पावन्याले चहा पाजण्यात आलेला आहे."

प्रल्हाद एसटीत कंडक्टर. उंच, तोंडाळ, रजेचे अर्ज लिहिण्यात वाकबगार. या दोघांची जोडी पाहून लोकांना वाटे की ही लहानपणापासूनची दोस्ती असणार. खरी गोष्ट अशी की एकत्र खेळण्याच्या काळातली दोन वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. कारण ग्रामपंचायतीची निवडणूक. देवमनभाऊचा मेहुणा एका पॅनलमधून, प्रल्हादचा चुलतभाऊ दुसऱ्यातून, आणि मध्ये काहीतरी बोलणं झालं. गाडीत दोघं दोन टोकांना बसायचे. डबे वेगळे. प्रल्हादला काही सांगायचं असेल तर देवमनभाऊ मला सांगायचा, "त्याले म्हणा, बुटाची लेस बांध." प्रल्हाद माझ्याकडे बघून म्हणायचा, "त्याले म्हणा, पाह्यलं." आणि शिट्टी वाजली की दोघं हातात हात घालून उभे. त्या दोन वर्षांत त्यांनी जितक्या पकडी केल्या तितक्या आधीही नाहीत, नंतरही नाहीत. माझा तर सल्ला होता की चालू राहू द्या.

मग प्रल्हादची आई वारली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला देवमनभाऊ आला, मागे चटईच्या कडेला बसला, वंदना झाल्यावर उठून गेला. एक शब्द नाही. पुढच्या रविवारी सामना. पहिलीच चढाई. रेडर आला, इकडे तिकडे नाचला, अगदी प्रल्हादच्या पायाशी आला, त्याला टिपून हसत परत गेला. ही जोडी जागची हललीच नाही. मी माईकवर काय काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मध्यंतरात प्रल्हाद तडक देवमनभाऊसमोर गेला.

"हे कोनतं होतं बे?" दोन वर्षांनंतरचा पहिला शब्द. "एक का दोन? दाबला तं सोडलाच नाही."

"कोनतंच नव्हतं," देवमनभाऊ म्हणाला.

"मंग?"

"मंग काय. तसंच."

प्रल्हाद तिथेच खाली बसला आणि बुटाची लेस सोडून पुन्हा बांधू लागला. बराच वेळ बांधत होता. त्यानंतर डबे एकत्र आले.

देवमनभाऊची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कप्तान म्हणून दर सामन्यातली ढाल किंवा चषक त्याच्याकडे ठेवायला असे. एकदा मदनशेठ अकोल्याचे व्याही घेऊन त्याच्या घरी आले, आपल्या संघाची कमाई दाखवायला. घरात एकही चषक नाही. शांतावहिनी म्हणाल्या, "वावरात हायेत." शेठ व्याह्यांना घेऊन वावरात. तिथे टमाट्याच्या ओळींवर दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांना उलटे लटकवलेले अठरा-वीस चषक उन्हात चमकत, वाऱ्याने एकमेकांवर आपटत, पाखरं हाकलत होते.

"देवमन," शेठ म्हणाले, "हे काय हाये?"

"शेठ, घरात ठेवले तं कोन पाह्यते? इथं पाखरं तं पाह्यतात."

शेठ तीन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पुढच्या हंगामात शेठच्या स्वतःच्या संत्र्याच्या बागेत दोन चषक लटकताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. हे रचलेलं नाही.

आता भेंडी. ही गोष्ट मी हसत हसत पन्नास जणांना सांगितली आहे, म्हणून इथेही तशीच सांगतो.

भेंडीला बारीक लव असते. तोडताना ती हाताला लागते, हात खाजतात, लाल होतात. भेंडी तोडणाऱ्या बाया बोटांना चिंध्या बांधतात. एका पावसाळ्यात देवमनभाऊ उघड्या हाताने भेंडी तोडताना दिसायला लागला. कोणी विचारलं, तर अभिमानाने म्हणायचा, "आता मले काहीच होत नाही." शांतावहिनी त्याला करडईच्या तेलात लसूण कढवून लावून देत, त्याचा गुण, असं ठरलं. मग काय, गावात करडईचं तेल मिळेना. बाया शांतावहिनींकडे लसणाचं प्रमाण विचारायला येऊ लागल्या. आमच्या घरी भेंडीचं वावर नाही, तरी आमच्या सौभाग्यवतींनी ते तेल कढवलं आणि मी आठवडाभर चटणी लावल्यासारखा वास मारत शाळेत गेलो. गुण मात्र कोणालाच येईना. देवमनभाऊलाही अर्धाच आला होता. तो म्हणायचा, "उजव्या हाताले लागू पडलं. डाव्याले अजून यायचं हाये."

मी माईकवरून सांगितलं, की ज्याच्या उजव्या हाताला भेंडीसुद्धा घाबरते असा आमचा डावा कोपरा. लोक हसले. तोही हसला.

त्याच हिवाळ्यात धनजला आम्ही असा सामना हरलो की परतताना गाडीवरच्या वाघालाही लाज वाटली असेल. पाच पकडी सुटल्या आणि पाचही डाव्या कोपऱ्यातून. देवमनभाऊ उशिरा वाकत होता, किंवा वाकतच नव्हता. चहाच्या टपरीवर प्रल्हादने मला बाजूला घेतलं.

"बाबू, मी जवाब दाबून राह्यलो, दाबून राह्यलो. हा निघतच नाही."

"मंग तू त्याले विचारलं काहून नाही?"

"काय विचारू? मले वाटलं पुन्ना रागावला माह्यावर." मग चहाचा घोट घेऊन, "तूच पाह्य ना विचारून. माहं काय चुकलं ते."

मी विचारलं. देवमनभाऊ म्हणाला, "त्याचंच काही असन. आजकाल लय हलका दाबते तो." हे मी प्रल्हादला सांगितलं. पुढच्या सामन्यात प्रल्हादने जीव खाऊन दाबलं. तोही सामना गेला. असेच दोन हंगाम गेले.

एका सकाळी मदनशेठ मला गोदामावर बोलावून म्हणाले, "बाबू, मेडशीचा एक पोट्टा पाह्यला. विक्की. डावा कोपरा खेळते. चांगला हाये."

"म्हंजे देवमनभाऊले काढता का?"

"मी त्याले काढून नाही राह्यलो. मी त्याच्या जाग्यावर मानूस पाहून राह्यलो. दोन्हीत फरक हाये."

"काय फरक हाये, शेठ?"

शेठनी तुरीच्या ढिगात हात घातला, मूठभर तूर काढली, पुन्हा टाकली. "असन काहीतरी," म्हणाले. मग त्यांनी मनातलं सांगितलं. दोन हंगाम त्यांनी ओढत नेले होते; घरचे, मुलगे, सगळे विरोधात. गावच्या सामन्यात, आपल्या मैदानावर, नवा कोपरा चालला तर संघ राहील. नाही तर बारा जणांनी आपापला रस्ता पाहावा. "अन् हे त्याले सांगाचं काम तुहं. तुह्याइतकं बोलता मले नाही येत."

मी इतकं बोलतो, पण बाजारात देवमनभाऊसमोर उकिडवा बसलो तेव्हा पाच मिनिटं सांबाराच्या भावावरच बोललो. शेवटी सांगितलं. तो जुड्या बांधत होता. माझ्याकडे बघत, हाताकडे न बघता बांधायचा. तेव्हा अजून तसं जमत होतं, निदान मला तसं वाटलं.

"पोट्टा कोन्या पायावर वजन ठेवते?" त्याने विचारलं.

"मले काय माहीत?"

"तूच पाह्यतं ना. नुसतंच बोलतं का?" मग म्हणाला, "शेठले म्हणा, एक महिना द्या मले. कोपरा रिकामा नाही ठेवता येत. बारा घरं हायेत बाबू."

विक्की आला. तेवीस वर्षांचा, क्रीडा प्रबोधिनीत चटईवर वाढलेला, मांड्या तुरीच्या पोत्यासारख्या. शड्डू असा ठोकायचा की माझ्या माईकमध्ये घुमायचा. मुलगा वाईट नव्हता. फक्त पहिल्याच दिवशी त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका." देवमनभाऊला तोवर अख्खा तालुका भाऊ म्हणत होता. प्रल्हादने तोंड फिरवून हसू दाबलं. देवमनभाऊ म्हणाला, "बस बापू."

महिनाभर शिकवणी चालली, भेंडीच्या वावराच्या बांधावर. रविवारी मीही जायचो. मला या शिकवणीत रस होता, कारण जे मला इतकी वर्षं दिसलं नाही ते आता उघड होणार होतं. देवमनभाऊ विक्कीचा हात हातात घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हे थांब... आन् हे जातो. समजलं?"

"काका, दोन्ही सारखंच लागते."

"सारखं कायले लागन बे? पुन्ना पाह्य. हे थांब. हे जातो."

"दोन्ही खेपा कचकन दाबून राह्यले तुमी. अन् दोन केव्हा झाले तेच समजत नाही."

देवमनभाऊने त्याचा तळहात उलटा-सुलटा करून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मोबाईल धरू धरू तळहात मेला याचा." मी खो खो हसलो. प्रल्हाद हसला. विक्कीसुद्धा हसला, आणि ओशाळून त्याने खिशातला मोबाईल काढून बांधावर ठेवला. पुढचे पंधरा दिवस त्याला मोबाईलबंदी झाली. शांतावहिनींनी त्याच्याही तळहाताला लसणाचं तेल चोळलं. चौथ्या रविवारी तो म्हणाला, "हो काका, आता समजलं." त्याने हे नजर खाली घालून सांगितलं. मी ते पाहिलं होतं. माझ्यासारख्या माणसाने, ज्याचा धंदाच पाहण्याचा आहे, पाहिलं आणि सोडून दिलं.

गावच्या सामन्याची अंतिम फेरी दुपारी चारला लागली. पंचक्रोशी लोटली होती. देवमनभाऊ बाकावर बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून. अंगावर जर्सी नसलेला तो मला ओळखू येईना. मी माईकवरून त्याच्याविषयी असं काही बोललो की बायांनी डोळ्यांना पदर लावले. तो मान खाली घालून बसला होता. पाय मात्र बाकाखाली खेळत होते, रेडर इकडे गेला की इकडे, तिकडे गेला की तिकडे.

विक्की चांगला खेळला, हे सांगायला हवं. एकट्याने, ताकदीवर, त्याने तीन पकडी केल्या. साखळीतून मात्र एकही नाही. त्याने दाबलं की प्रल्हाद थांबायचा, तेव्हा हा सुटलेला असायचा. प्रल्हाद सुटला की हा थांबलेला. तरी शेवटच्या चढाईपर्यंत गुण बरोबरीत होते. समोरून त्यांचा सगळ्यात चांगला रेडर आला. मी उभा राहिलो. तो डाव्या बाजूला सरकला, आत आला, आणखी आत. पावना घरात आला होता. दार लावायचं तेवढं राहिलं होतं, पण अजून अर्धं पाऊल लवकर होतं, आणि विक्कीचा मागचा पाय उचलला जात होता.

"थांब."

मैदानात इतकी माणसं होती, तरी तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. बाकावरून देवमनभाऊ उभा राहून ओरडला होता. आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने.

विक्कीने चमकून बाकाकडे पाहिलं. रेडरलाही कान होते. त्याने मागे न बघता पाय लांबवला, विक्कीच्या गुडघ्याला टिपलं आणि दोन उड्यांत मध्यरेषेपार गेला. शिट्टी वाजली. एका गुणाने गेलो.

मी माईक बंद केला. मांडवामागे आम्ही सगळे गोळा झालो, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. शेठचा माणूस उकळता चहा स्टीलच्या गिलासांत देत होता. गिलास इतके तापलेले की जो तो रुमालात, सदऱ्याच्या टोकात धरत होता. विक्की रडवेला होऊन बोलत होता, "काका, मले कधीच नव्हतं समजलं. तुमी रोज शिकवाचे, मले लाज वाटाची." देवमनभाऊ ऐकत होता. त्याच्या उजव्या हातात गिलास होता. नुसता, उघड्या तळहातात, पूर्ण विळखा घालून.

आधी प्रल्हादला दिसलं.

"देवमन," तो म्हणाला, "गिलास ठेव खाली."

"काहून?"

"ठेव म्हणतो ना."

त्याने ठेवला. तळहात लाल झाला होता आणि बोटांखाली फोड यायला लागला होता. देवमनभाऊने आपल्या हाताकडे पाहिलं, मग प्रल्हादकडे, मग विक्कीकडे. विक्कीच्या हाताकडे. त्याला काय काय समजत गेलं हे त्याच्या तोंडावर एकामागून एक दिसलं: धनज, भेंडी, तेल, बांधावरचा मोबाईल. तो म्हणाला, "पोट्ट्याचा हात नव्हता मेला."

अकोल्याच्या डॉक्टरने सांगितलं, मानेत नस दबली आहे. इतकी वर्षं पळत्या माणसांच्या पायांत मान घातल्यावर दबणारच. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर काही करता आलं असतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे करडईचं तेल शोधत होतो.

शेठ शब्दाचे पक्के निघाले. संघ मोडला. चटई त्यांच्या गोदामात सोयाबीनच्या पोत्यांखाली अंथरली आहे, ओल लागू नये म्हणून. विक्की मेडशी-शेलूबाजार जीप चालवतो. कबड्डीचं नाव काढलं की हॉर्न वाजवतो. तो दुसऱ्या एका संघात गेला होता, पण तिथे साखळीत उभं राहिलं की त्याचा हात घामाने भिजायचा, म्हणे. प्रल्हादने बदली मागून घेतली. बाकीच्या दहा जणांचं मला फारसं माहीत नाही. मी आता दुकानांची उद्घाटनं करतो, बारशाला बोलतो. नवा डावा कोपरा आमच्या भागात कोणालाच मिळालेला नाही. मुलं शिकतात, पकडी करतात, पण ओरडून करतात. ती पद्धत शिकवू शकणारा एकच हात होता.

गेल्या महिन्यात मी बाजारात त्याच्याजवळ बसलो होतो. आता तो प्रत्येक जुडी बघून बांधतो. उजवा हात काय करतो आहे ते डोळ्यांनी पाहावं लागतं. बोलताना नजर वर आली की सुतळी सुटते. म्हणून तो माझ्याशी हाताकडे बघत बोलत होता. तेवढ्यात समोर हायवेवर एसटी थांबली आणि प्रल्हाद उतरला, खाकी गणवेशात, गळ्यात पिशवी. दोन मिनिटं होती. सांबाराची एक जुडी घेतली, भाव केला, चार शिव्या दिल्या, शांतावहिनींची चौकशी केली. मग जाताना त्याने डावा हात पुढे केला.

बाजारात डावा हात कोणी पुढे करत नाही. देवमनभाऊ उठला. आपला उजवा हात त्याने स्वतःच्या डोळ्यांनी नेऊन प्रल्हादच्या डाव्या हातात ठेवला, आणि दोघं शेजारी शेजारी, समोर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. क्षणभरच. ड्रायव्हरने हॉर्न दिला. प्रल्हाद पळाला, दारात लटकून त्याने घंटी ओढली, गाडी गेली.

देवमनभाऊ गाडी गेली तिकडे बघत होता.

"बाबू," तो म्हणाला, "दाबला का त्यानं?"

मी अगदी समोर होतो. डोळे त्या हातांवरच होते. आणि मला, नेहमीसारखंच, काहीही दिसलं नव्हतं.

"दाबला ना," मी म्हणालो.

"किती खेपा?"

एक म्हणू की दोन म्हणू, हे ठरवायला मला वेळ लागला. एवढा वेळ मी माईकवर कधी घेतला नाही. "एकच," मी म्हणालो. "पण लांब. सोडलाच नाही लवकर."

तो माझ्याकडे पाहत राहिला. आत येऊ दिलेल्या पावन्याकडे पाहायचा तसा, घाई न करता.

"आता माईक नाही तुह्या हातात," तो म्हणाला, आणि खाली बसून, उजव्या हाताकडे बघत, त्याने पुढच्या जुडीला सुतळी गुंडाळायला घेतली.